वृत्तपत्रविद्या आणि विद्यापीठ

उचगावचा एखादा मुलगा शेजारच्या शिवाजी विद्यापीठात वृत्तपत्रविद्या शिकावयास जातो म्हणाला, की वडीलधारी मंडळी विचारणार, "बातमी लिहावयास पदवी कशाला?" प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, ते काही पत्रकारितेची परीक्षा देऊन नव्हे.

तथापि खुद्द कोल्हापूरच्याच प्रकरणात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. दिवाण बर्वे हे तरुण छत्रपतींचा छळ करवितात, असा मजकूर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी छापिला. ज्या कागदांवर भिस्त होती, ते बनावट ठरले. आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. विद्वत्ता होती, धैर्य होते, छत्रपतींविषयी कळवळाही होता. उणीव होती ती कागद पारखण्याची. आणि कळवळा जितका उत्कट, तितकी ती लिहिणाऱ्यास कमी जाणवते.

धैर्य वर्गात शिकविता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण हस्ताक्षर कोणाचे, कागद कोणी व कशासाठी आणून दिला, दुसरा साक्षी काय म्हणतो, हे विचारण्याची सवय खात्रीने लाविता येते. टिळक-आगरकरांनी आपल्या चुकीची शिक्षा निदान स्वतः भोगली. पुष्कळदा ती भोगतो तो ज्याच्याविषयी लिहिले तो. नोकरीचा प्रश्न निराळा. पण या मुलाची पहिली बातमी बहुधा उचगावातल्याच कोणा घराविषयी असेल.