हिमबिबट्याचा हप्ता कोणी भरायचा?

भारतात हिमबिबटे किती, याचं पहिलं देशव्यापी उत्तर जानेवारी २०२४ मध्ये मिळालं: ७१८. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांत अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक प्राणी वेगळा ओळखायचा आणि त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत. आकडा वाचून आपल्याला बरं वाटतं. पण हे बरं वाटणं आपल्याला फुकट मिळतं. त्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजत असतं.

हिमबिबट्याचं मुख्य भक्ष्य म्हणजे भरल आणि आयबेक्स. पण त्याच डोंगरांवर गावकऱ्यांचे याक, घोडे, शेळ्यामेंढ्याही चरतात. एखाद्या रात्री तो दगडी वाड्यात उतरला, तर कोंडलेल्या जनावरांमध्ये मारतच सुटतो. एका रात्रीत कुटुंबाची वर्षाची मिळकत जाऊ शकते. त्याला क्रूर म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्याला निवड नाही. निवड आहे ती माणसांना: त्या मेंढपाळाला आणि आपल्याला.

यावरचं सरळ उत्तर म्हणजे सरकारी भरपाई. ती हवीच. पण भरपाईत एक गृहीतक लपलेलं असतं: प्राणी सरकारचा, नुकसान तुमचं. मग पंचनामा, पुरावा, हेलपाटे. ज्याचं जनावर गेलं, त्यालाच आपण खोटं बोलत नाही हे सिद्ध करावं लागतं.

स्पितीतल्या किब्बर गावात २००२ च्या सुमारास वेगळी वाट निघाली. चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या सहकाऱ्यांच्या मदतीने गावाने जनावरांचा सामुदायिक विमा सुरू केला. हप्ता मालक भरतात, निधी गाव सांभाळतं, जनावर खरंच शिकारीत गेलं का हेही गावच ठरवतं. शेजाऱ्यासमोर खोटा दावा करणं अवघड असतं, कारण पैसा सगळ्यांचाच असतो.

इथे मला एक आक्षेप टाळता येत नाही. अख्ख्या देशाला हवा असलेला प्राणी, आणि त्याचा हप्ता चार हजार मीटरवरच्या मेंढपाळाने भरायचा? नुसत्या हप्त्यावर हे सोडलं तर तो अन्यायच आहे. म्हणून अशा निधीत बाहेरच्यांनी भर घालणं हा उपकार नाही, तो आपला हिस्सा आहे. पण मेंढपाळाचा हप्ता शून्य करणंही मला पटत नाही. जो भरतो, तो ठरवतो. ज्याच्या वतीने सगळं दुसरेच भरतात, त्याचं मत हळूहळू कोणी विचारेनासं होतं.

लडाखमध्ये ‘शांगडोंग’ नावाचे लांडगे पकडायचे जुने खड्डे आहेत. दगडी भिंती आत झुकलेल्या, तळाशी आमिषाचं जनावर. लांडगा आत उडी मारतो, पण त्याला बाहेर पडता येत नाही. मग गाव त्याला दगडांनी मारत असे. २०१८ मध्ये चुशूलच्या लोकांनी अशा खड्ड्यांतून लांडग्याला बाहेर पडता येईल अशी वाट करून दिली आणि शेजारी स्तूप उभारला. खड्डे मात्र बुजवले नाहीत.

मला ते न बुजवणं महत्त्वाचं वाटतं. लांडग्याला जगू द्यायचं ठरलं, म्हणून त्याने केलेलं नुकसान खोटं ठरत नाही. आपण शहरातले लोक त्या नुकसानीकडे न बघताच प्राण्यावर प्रेम करतो. त्या प्रेमाला नैतिक म्हणवून घ्यायचं असेल, तर आधी आपल्या वाट्याचा हप्ता भरावा लागेल.