ताटापलीकडचा गाऊट

पेशींच्या मोडतोडीतून आणि अन्नातील प्युरीन या घटकांपासून युरिक अॅसिड तयार होते, आणि रक्तातील त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले, की त्याच्या क्षाराचे, म्हणजे युरेटचे, सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू शकतात. या स्फटिकांमुळे सांध्याला येणारा दाह म्हणजे गाऊट होय. चरकसंहितेत वर्णिलेल्या, गाऊटशी मिळत्याजुळत्या वातरक्ताला ‘आढ्यवात’, म्हणजे धनवंतांचा वात, असेही म्हटले गेले, आणि युरोपनेही गाऊटचे खापर मांस व मद्यावरच फोडले. तारुण्यात वा मध्यमवयात जडणाऱ्या विकारापुरते त्यात तथ्य आहेच. उतारवयात मात्र दोषाचा बराच वाटा ताटाकडून मूत्रपिंडाकडे आणि औषधांच्या डबीकडे सरकतो. वयपरत्वे मूत्रपिंडाची क्षमता घटते, रक्तदाबासाठी वा हृदयविकारासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या युरिक अॅसिड शरीरात अडवून धरतात, आणि ते बाहेर टाकण्यास साहाय्य करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक रजोनिवृत्तीनंतर ओसरल्याने स्त्रियाही या विकाराच्या कक्षेत येतात. असे असूनही घरोघरी पहिली गदा येते ती वरणावर आणि पालकावर. वास्तविक मांस, मासे आणि बिअर यांचा गाऊटशी जसा संबंध दिसून आला, तसा प्युरीनयुक्त भाज्यांचा आढळलेला नाही, आणि आधीच स्नायू झिजत असलेल्या वृद्धाची डाळ तोडणे हा पथ्याचा विपर्यासच म्हणावा लागेल.

निदानातही रक्ताच्या एका आकड्यावर विसंबता येत नाही, कारण ऐन वेदनेच्या काळात तो कित्येकदा सामान्य असतो. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांनी सांध्यातील द्रव ध्रुवित प्रकाशाच्या, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून स्फटिक ओळखण्याची रीत रूढ केली. त्याच शोधातून काही रुग्णांत युरेटऐवजी कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक असल्याचे उघड झाले. हा ‘छद्मगाऊट’ मुख्यतः साठीनंतरचा, गुडघा व मनगट धरणारा, आणि आहाराशी फारसे नाते नसलेला विकार आहे. युरेटचे स्फटिक अॅलोप्युरिनॉल हे युरिक अॅसिड घटवणारे औषध अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत, रक्तातील प्रमाण ६ मिलिग्रॅमखाली टिकवून, काही काळाने विरघळवता येतात. पायरोफॉस्फेटचे स्फटिक विरघळवणारे सिद्ध औषध अद्याप नसल्याने तेथे दाह शमवण्यापुरतेच उपाय उरतात, आणि तेही मूत्रपिंडाची अवस्था पाहूनच योजावे लागतात.