अर्धीच विकलेली गाडी

१९२८च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात इंडियानापोलिसच्या ड्यूसेनबर्ग कंपनीनं ‘मॉडेल जे’ मांडली आणि किंमत सांगितली ८,५०० डॉलर. फोर्डची नवी मॉडेल ए त्या काळी ५०० डॉलरच्या आसपास मिळायची. पण या ८,५०० डॉलरांत बसायला जागासुद्धा नव्हती. हाती यायची ती चॅसिस: ६.९ लिटरचं, सरळ रांगेत आठ सिलिंडर असलेलं इंजिन, बॉनेट, मडगार्ड आणि मीटरांनी भरलेला डॅशबोर्ड. आपल्याकडे ट्रकची उघडी चॅसिस बॉडी बांधायला हायवेवरून जाताना दिसते, तसलाच हा व्यवहार.

कंपनीनं आपलं सगळं कसब या अर्ध्या गाडीत ओतलं होतं. २६५ अश्वशक्तीचा दावा होता. दर ७५ मैलांनी चॅसिसच्या सांध्यांना आपोआप वंगण मिळायचं. तेल बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागायचा. फ्रेड ड्यूसेनबर्ग मुळात शर्यतीच्या गाड्या घडवणारा माणूस. इंजिन कसं असावं हे तो ठरवणार. त्यावर कोणी कसं बसावं, हे मालक आणि बॉडी बांधणारा कारागीर मिळून ठरवणार.

म्हणून एक मॉडेल जे सहसा दुसरीसारखी नाही. पॅसाडेनाच्या मर्फी कारखान्यानं बांधलेल्या कन्व्हर्टिबलचा टप मिटला की धातूच्या झाकणाखाली पूर्ण नाहीसा होतो. काचांच्या चौकटी अगदी बारीक, रेषा कुठेही तुटत नाही. मला स्वतःला त्याहून देखणी उघडी गाडी माहीत नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी आपल्या गाडीची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली. चॅसिस इंडियानापोलिसची, बॉडी इंग्लंडची, मालक इंदूरचा संस्थानिक. तरी गाडी ड्यूसेनबर्गच.

जे वेगळं बांधलं, ते उतरवताही येतं. १९३०च्या दशकातच फॅशन बदलली की काही मालक नवी बॉडी चढवून घेत. पॅसाडेनातच बोमन आणि श्वार्ट्झ ही कारागीर जोडी हे काम करत असे. ती अदलाबदल गाडीच्या स्वभावातलीच होती, कारण गाडी रोज वापरात होती. पुढे संग्राहक आले आणि उघड्या गाडीला बंद गाडीपेक्षा कितीतरी जास्त भाव येऊ लागला. मग चांगल्या सेडान आणि लिमोझिन बॉडी उतरवून त्यांच्या जागी कन्व्हर्टिबल बॉडी चढल्या. इथे मात्र माझं मन अडतं. आधीचा बदल गाडीत बसणाऱ्यासाठी होता, हा बोली लावणाऱ्यासाठी. जेमतेम ४८० च्या आसपास गाड्या बनल्या. त्यातली एक बंद बॉडी गेली, की एका कारागिराचं काम कायमचं गेलं.

आज जाणकार इंजिनाचा, फ्रेमचा आणि फायरवॉलवरच्या (इंजिनामागच्या पत्र्यावरच्या) पाटीचा क्रमांक जुळवून बघतात, बॉडी पहिलीच आहे का हेही तपासतात. गाडी उघडी आणि डौलदार असेल, तर मी आणखी एक गोष्ट विचारेन: हिच्यावर आधी कोणती बॉडी होती, आणि ती उतरवून कुठे टाकली?