काट्याची साक्ष

बॉनेट उघडं आहे, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं आहे आणि मेकॅनिकच्या हातात पातं आहे. इनटेक मॅनिफोल्डवरून निघणारी, करंगळीहून बारीक अशी काळी रबरी नळी तो मधोमध कापतो. कापलेल्या दोन टोकांत एक छोटा ‘टी’ बसवतो, त्याच्या तिसऱ्या तोंडाला नवी नळी जोडतो आणि तिन्ही सांधे क्लिपांनी आवळतो. नवी नळी टर्बोच्या तापणाऱ्या भागापासून लांब ठेवत, फायरवॉलमधल्या रबरी ग्रोमेटमधून आत घेतली जाते आणि 52 मिलिमीटरच्या एका तबकडीला मिळते. टर्बो गाडीला बाहेरून बूस्ट गेज बसवण्याचं काम साधारण एवढंच. त्याने गाडी जोरात पळत नाही की मायलेज वाढत नाही. इंजिनात जाणारी हवा या क्षणी किती दाबाने जाते आहे, ही एक गोष्ट तेवढी कळू लागते.

पण ‘कळू लागते’ असं म्हणण्याचा अधिकार कुठून येतो? काटा 0.8 वर गेला म्हणून दाब 0.8 बार आहे, हे ज्ञान म्हणायचं की नुसती समजूत? भारतीय तर्कपरंपरेने हा प्रश्न मोटारगाडीच्या कितीतरी शतकं आधी विचारला. त्यावर शतकानुशतकं वाद घातला आणि त्याचं एक भक्कम उत्तर देताना दाखला घेतला तोही मोजण्याच्याच एका साधनाचा. ते उत्तर आजही, बॉनेटखाली वाकलेल्या माणसालासुद्धा, उपयोगी पडतं.

आधी गाडीकडे बघू. टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचं पेटंट 1905 सालचं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक टर्बाइन फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणजे इंधनही जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याची ताकद दाखवतं. मात्र हा दाब मर्यादेत राहायला हवा. तो बेसुमार वाढला तर पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटू लागतं, ठोके बसतात आणि पिस्टनचं आयुष्य संपायला वेळ लागत नाही. म्हणून अनेक जुन्या टर्बो गाड्या दाब चालकाला दाखवत असत. बीएमडब्ल्यूने 1973 मध्ये 2002 टर्बो काढली तेव्हा डॅशबोर्डच्या मध्यावर वेगळं बूस्ट गेज दिलं होतं. पोर्शे 911 टर्बोला सुरुवातीला ते नव्हतं. 1977 च्या मॉडेलपासून ते आरपीएमच्या तबकडीत आलं. साबच्या टर्बो गाड्यांत तर गेजवर आकडेच नव्हते, नुसते रंगांचे पट्टे होते. किती दाब आहे हे चालकाने जाणायची गरज नाही, बरं चाललं आहे की नाही एवढं पुरे, असं त्या पट्ट्यांमागचं मत असणार.

आज बहुतेक टर्बो गाड्यांत पट्टेही नाहीत. संगणक, म्हणजे ईसीयू, सेन्सरकडून दाब वाचतो, टर्बोचा दाब आवरणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, उघडतो, मिटतो आणि फारच बिनसलं तर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो. चालकाच्या वाट्याला येतो तो फक्त निकाल. तर्कशास्त्राच्या भाषेत याला शब्दप्रमाण म्हणता येईल: विश्वासार्ह जाणकाराने सांगितलं म्हणून मानायचं. यात कमीपणा काही नाही. माणसाचं बहुतेक ज्ञान असंच आलेलं असतं. आपली जन्मतारीखही आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच मानतो. तरी काही मालकांना दिव्याच्या निकालावर थांबवत नाही. त्यांना स्वतः बघायचं असतं आणि त्या ओढीला हौस म्हणून सोडून देणं बरोबर नाही. स्वतः पाहण्याची इच्छा हीच तत्त्वज्ञानाची सुरुवात आहे.

गंमत अशी की गेज बसवल्यावर मालकाला जे मिळतं ते ‘स्वतः पाहणं’ असतंच असं नाही. डोळ्याला दिसतो तो काटा. दाब दिसत नाही.

काट्यापासून दाबापर्यंतचा रस्ता बराच लांबचा आहे. यांत्रिक गेजच्या पोटात साधारणपणे चपटी आणि अर्धवर्तुळात वाकवलेली धातूची एक पोकळ नळी असते. पॅरिसच्या युजीन बूर्दाँ याने 1849 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आत दाब वाढला की ही नळी किंचित सरळ व्हायला बघते. तिचं मोकळं टोक केसभर हलतं, ती हालचाल छोट्या दात्यांच्या चाकांमधून मोठी होते आणि काटा फिरतो. म्हणजे पाहणारा काट्यावरून नळीचं सरळ होणं, त्यावरून आतला दाब आणि त्यावरून मॅनिफोल्डचा दाब ओळखतो. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग असणार, या न्यायशास्त्रातल्या नेहमीच्या उदाहरणाच्या जातीचं हे अनुमान आहे. ते टिकतं धूर आणि आग यांच्या अतूट नात्यावर, ज्याला नैयायिक व्याप्ती म्हणतात. अनुमानावर शंका घेणाऱ्या चार्वाकांचा हल्ला नेमका इथेच होता: सगळे धूर आणि सगळ्या आगी कुणी तपासल्या आहेत? कुठेतरी अट राहून गेली असेल तर? नैयायिकांनी अशा लपलेल्या अटीला उपाधी हे नावच देऊन टाकलं आणि ती शोधून काढणं हे विचार करणाऱ्याचं कामच मानलं.

बूस्ट गेजच्या व्याप्तीत अशी एक उपाधी खरोखर लपलेली आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे शून्य. इंजिन बंद असताना काटा शून्यावर असतो, पण मॅनिफोल्डमध्ये तेव्हा दाब नसतो असं नाही. तिथे बाहेर असतो तेवढाच हवेचा दाब असतो. साधं गेज फक्त बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक दाखवतं. म्हणूनच पेट्रोल गाडी जागेवर सुरू असताना, थ्रॉटल मिटलेला असल्याने, काटा शून्याच्याही खाली जातो. तबकडीवरचं शून्य म्हणजे ‘इथली हवा’, आणि ‘इथे’ तर प्रवासात बदलत राहतं.

हवेला वजन आहे आणि ते उंचीबरोबर घटतं, हे निर्णायकपणे दाखवणारा प्रयोग 19 सप्टेंबर 1648 ला फ्रान्समध्ये क्लेरमाँजवळच्या प्वी द दोम या डोंगरावर झाला. कल्पना पास्कालची, पायपीट त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए याची. पाऱ्याची नळी घेऊन पेरिए सुमारे हजार मीटर चढून गेला, तेव्हा पारा तीन इंचांहून अधिक उतरला. या गोष्टीतला खरा शहाणपणाचा भाग डोंगराच्या पायथ्याशी आहे. तशीच दुसरी नळी त्याने गावातल्या मिनिम पंथाच्या मठात ठेवली होती आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला तिथल्या एका धर्मगुरूला सांगितलं होतं. ती दिवसभर हलली नाही. तो शांत बसलेला पारा नसता, तर डोंगरावरच्या पाऱ्याच्या बोलण्याला अर्थ उरला नसता. हवामानच बदललं असेल, असं कुणीही म्हणू शकलं असतं.

उंचीबरोबर दाब घटण्याची हीच गोष्ट पुण्याहून महाबळेश्वरला जाताना घडते. पुण्यात हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो; वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर गाठेपर्यंत तो 86 च्या आसपास येतो. समजा, गाडीचा ईसीयू मॅनिफोल्डमध्ये एकूण 180 किलोपास्कल दाब राखायचा असं ठरवून चालतो, जसे अनेक आधुनिक ईसीयू टर्बोला झेपेल तोवर चालतात. तर त्याच इंजिनाला तेवढाच दाब मिळत असताना गेज पुण्यात 0.85 बार दाखवेल आणि वर 0.94. घाटात गाडीची ताकद वाढली असं मालकाला वाटेल. वाढलेले असतात ते टर्बोचे कष्ट. काटा खोटं बोललेला नाही. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलं; आपल्याला काय विचारायचं होतं ते मात्र वेगळं होतं.

मग साधनावर विश्वास ठेवायचा कसा? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हा पेच असा टाकला की भल्याभल्यांची वाट अडावी. वस्तू प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होतात म्हणता, तर प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्यांना तिसरी लागतील आणि साखळी संपणार नाही. आपोआप म्हणाल तर तीच सवलत वस्तूंना का नाही? गेजबाबत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. रोज 0.8 पर्यंत जाणारा काटा एक दिवस 0.5 वर अडतो. आता बिघाड इंजिनात, की गेजमध्ये?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच जातीच्या आक्षेपाला तराजूचं उदाहरण देऊन उत्तर दिलं आहे. तराजूने सोनं तोलतात तेव्हा तो प्रमाण असतो. पण त्याच तराजूबद्दल शंका आली की माहीत असलेल्या वजनाचं सोनं त्यात टाकून तराजूच तपासतात. तेव्हा तो प्रमेय होतो, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू. एकच वस्तू दोन्ही असू शकते, फक्त एकाच वेळी एकाच कामात नाही. नागार्जुनाच्या पेचात सर्वांच्या तळाशी न हलणारा पाया लागतो, असं गृहीत धरलेलं होतं. नैयायिकांनी सांगितलं की असा पाया लागत नाही. शंका जिथे उठेल तिथे तपासायचं, तपासताना बाकीच्यांवर तेवढ्यापुरतं विसंबायचं. मेकॅनिक हेच करतो. इंजिन बंद करून काटा शून्यावर येतो का बघतो. गेजची नळी सोडवून हातपंपाने तिच्यात माहीत असलेला दाब भरतो. गेज तंतोतंत दाखवत असेल आणि नळीला कुठे भेग नसेल, तर ते सुटतं आणि संशय टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपांवर, त्यांच्या क्लॅम्पवर, उघडं अडकलेल्या वेस्टगेटवर जातो.

कुमारिल भट्टांसारखे मीमांसक इथे हरकत घेतील. त्यांच्या मते ज्ञान मुळातच खरं म्हणून येतं. दोष सापडला तरच ते बाद करायचं. नाहीतर माणूस पाऊलही उचलू शकणार नाही. त्यांच्या म्हणण्यात जगण्याचं मोठं सत्य आहे. प्रत्येक सिग्नलला गेज तपासत कुणी गाडी चालवत नाही. पण आकडा पडला त्या दिवशी मीमांसकाकडे ‘बाद’ एवढंच उत्तर असतं. नैयायिकाकडे पुढची पायरी असते: या ज्ञानावर भरवसा ठेवून केलेली कृती फळली का? न्यायभाष्यकार वात्स्यायनाने ग्रंथाच्या आरंभीच प्रवृत्तीच्या या सामर्थ्यावर प्रमाणाची मदार ठेवली. गॅरेजच्या दृष्टीने हे मत उजवं आहे. क्लॅम्प आवळला आणि काटा पुन्हा 0.8 वर गेला, गाडीनेही पूर्वीसारखी ओढ घेतली, तर निदान खरं होतं.

ही ओढ मोजण्याच्या बाहेरची आहे असं मानण्याचं कारण नाही. रोज तीच गाडी चालवणाऱ्याच्या पाठीला सीटचा दाब कळतो, कानाला टर्बोची शिट्टी कळते. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती या तिन्हींचा मेळ बसावा असं म्हटलं आहे, ते आत्मज्ञानाविषयी. पण त्यातली विचाराची शिस्त इथेही जशीच्या तशी लागू पडते: सर्व्हिस मॅन्युअल एक सांगतं, जुना मेकॅनिक एक सांगतो, अंगाला एक जाणवतं आणि यातला एकही साक्षीदार एकटा पुरत नाही. समर्थांनी आत्मप्रतीतीला एवढं महत्त्व देऊनही उरलेल्या दोघींना सोडलं नाही, हे स्वानुभवाचा झेंडा मिरवणाऱ्यांनी पुन्हा वाचण्यासारखं आहे.

जाणण्याची किंमतही असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पहिली किंमत ‘टी’च्या रूपाने इंजिन भरतं. मोजण्यासाठी त्याच्या बंद वाटेला एक नवं तोंड पाडलं गेलं. तो सांधा सैल पडला तर न मोजलेली हवा आत शिरते, जागेवर गाडी अडखळते आणि दिवा लागतो; म्हणजे बिघाड ओळखण्याचं साधनच बिघाड होऊन बसतं. काटा फार थरथरतो म्हणून नळीत बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर घालतात. तो फारच बारीक असेल तर काटा शांत होतो, पण मागे राहतो. दुसरी किंमत चालक भरतो. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. तेवढा वेळ नजर तबकडीवर असली तर रस्ता कुणी पाहिला? गेज डोळ्यासमोर राहावं म्हणून काही जण ते समोरच्या काचेशेजारच्या खांबावर बसवतात. ज्या गाड्यांत पडदा-एअरबॅग त्या खांबातून उघडते, तिथे ही जागा धोक्याची आहे. अपघातात तीच तबकडी चेहऱ्यावर फेकली जाऊ शकते. साधन घ्यायचं असेल तर त्याची जागाही विचारपूर्वक ठरवायला हवी, हा धर्मविचारच म्हणावा लागेल, कारण त्यात शेजारच्या सीटवर बसलेल्याचाही जीव गुंतलेला असतो.

अलीकडे नळी न कापताही दाब दिसतो. गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या, सॉकेटमध्ये छोटं उपकरण लावलं की ईसीयू वाचतो तोच दाब मोबाइलवर उमटतो. काम स्वच्छ, इंजिनाला तोंड पाडायला नको. पण हा आकडा येतो कुठून? ज्या सेन्सरवर ईसीयू विसंबतो, त्याच सेन्सरकडून. सेन्सर चुकला तर ईसीयू चुकतो आणि मोबाइलही तीच चूक सांगतो. दोन आकडे जुळलेले दिसतात, पण बोललेला साक्षीदार एकच असतो. पेरिएने मठात ठेवलेली नळी डोंगरावरच्या नळीहून वेगळी होती म्हणून तिची साक्ष धरली गेली. त्यामुळे जुनी टर्बो गाडी सांभाळणाऱ्याने ओबीडीचा आकडा हाताशी असला तरी स्वतंत्र नळीचं गेज ठेवावं, हे बरं. दोन्हींतला फरक काढताना ओबीडीच्या आकड्यातून त्या जागेचा हवेचा दाब आधी वजा करावा आणि दर सर्व्हिसिंगला ‘टी’चे तिन्ही सांधे हाताने चाचपून पाहावेत.