नियमाला किती आठवावे लागते?

याग थोड्या काळात संपतो आणि स्वर्ग मिळतो तो फार पुढे, कदाचित मरणानंतर. मग संपून गेलेल्या कर्माला फळाशी जोडून ठेवते काय? मीमांसकांचे उत्तर आहे ‘अपूर्व’. कर्म मागे ठेवून जाते ती शक्ती म्हणजे अपूर्व, आणि कुमारिल भट्टांच्या मते ती कर्त्याच्या आत्म्यात राहते. या उत्तरातली काटकसर पाहण्यासारखी आहे. दर्शपूर्णमास या यागात पौर्णिमेला तीन प्रधान याग आणि अमावास्येला तीन. प्रत्येकाचे वेगळे अपूर्व, तिन्हींचे मिळून एक समुदायापूर्व, आणि पंधरवड्याने दुसरे समुदायापूर्व आले की दोहोंचे मिळून परमापूर्व. मधले पंधरा दिवस जपायचे ते पहिले समुदायापूर्व एवढेच. न्यायाने फळ द्यायला घडलेले सगळे आठवावे लागत नाही, हा मीमांसकांचा पक्ष मला खरा वाटतो, आणि माणसांच्या पात्रतेचे निर्णय यंत्रावर सोपवण्याच्या काळात तो नव्याने तपासावा असाही वाटतो.

‘अमुक असेल आणि तमुक असेल, तर असे करा’ अशा हजारो नियमांवर चालणाऱ्या संगणकप्रणालीपुढे हाच प्रश्न मेमरीच्या रूपाने येतो. चार्ल्स फोर्गी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या १९७९च्या प्रबंधात मांडलेली ‘रेटे’ पद्धत अशा अनेक प्रणालींचा पाया आहे. नवी माहिती आली की सगळे नियम पहिल्यापासून तपासायचे नाहीत. अर्धवट जुळलेल्या अटी साठवून ठेवायच्या आणि पुढची अट पुरी होते का एवढेच पाहायचे. वेग मिळतो, पण मेमरी भरत जाते. समजा, नियमात शेतकऱ्याचा अर्ज आहे, महसूल मंडळाचा पावसाचा आकडा आहे आणि दोन्हींचे मंडळ एकच असावे ही अट आहे. ती अट शेवटी तपासली, तर दहा हजार अर्ज आणि साठ मंडळे यांच्या सहा लाख जोड्या आधी साठतात आणि त्यांतल्या दहा हजारच कामाच्या निघतात. जोडतानाच अट लावली, तर उरलेल्या जोड्या तयारच होत नाहीत. डॅनियल मिरँकर यांची १९८७ची ‘ट्रीट’ पद्धत याहून पुढे गेली: जोडून काढलेले अर्धवट निष्कर्ष ठेवायचेच नाहीत, लागतील तेव्हा पुन्हा काढायचे.

म्हणजे मेमरी वाचवणे हा काय विसरावे याचा निर्णय आहे. निष्कर्ष विसरता येतात, साक्ष विसरता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, मानत नाहीत, कारण ती स्वतःच्या बळावर काही दाखवत नाही, आधीच्या अनुभवावर उभी असते. साठवलेल्या निष्कर्षाचेही तसेच आहे. बीड जिल्ह्यातल्या पीकविम्यात निष्कर्ष आणि साक्ष यांतला हा फरक स्पष्ट दिसतो. २०२०च्या खरिपात इथे ८०-११०चे सूत्र लागू झाले आणि पुढे ते ‘बीड पॅटर्न’ म्हणून ओळखले गेले. भरपाई एकूण विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा भार राज्याचा. ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्क्यांपर्यंत ठेवून बाकी रक्कम परत करायची. हे ठरवायला एकेका अर्जाची कहाणी लागत नाही, हप्त्याची आणि भरपाईची अशा दोन बेरजा पुरतात. ज्याच्या खाली पीक गेले तर भरपाई मिळते, त्या उंबरठा उत्पादनाचे मात्र तसे नाही. सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणतात. जागा वाचवायला फक्त ती सरासरी ठेवली, तर पुढच्या हंगामात कोणते वर्ष गळाले आणि कोणते आत आले हे कळायला मार्ग उरत नाही. तिथे सातही आकडे हवेत, पण आठवा नको. गारपिटीने किंवा पाणी साचून पीक गेल्यास जिथे विम्याचे संरक्षण असते, तिथे त्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. ती कधी दिली, ही वेळ दुसऱ्या कशातूनही काढता येत नाही. म्हणून ती पुसता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मेमरी आता स्वस्त आहे, सगळेच ठेवा. पण ठेवलेला प्रत्येक निष्कर्ष पुढे खरा राखावा लागतो. मंडळाचा पावसाचा आकडा दुरुस्त झाला की त्यावर उभे असलेले सगळे अर्धवट निष्कर्ष शोधून काढावे लागतात, आणि एखादा राहिला तर चुकीचा नकार त्यातूनच निघतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मधल्या पायऱ्या पुसल्या, तर ‘माझा अर्ज का नाकारला?’ याला उत्तर काय देणार? मूळ माहिती आणि त्या दिवशी लागू असलेला नियम, दोन्ही जपले असतील तर पायऱ्या पुन्हा मांडता येतात. नियम मात्र त्या तारखेचाच हवा. आज बदललेला नियम कालच्या निर्णयाचे कारण सांगू शकत नाही.

तिसरा आक्षेप वेदान्त्यांचा. अपूर्व जड आहे. कोणाला काय द्यायचे हे ते काय जाणणार? फळ देणारा चेतन ईश्वरच हवा, असे ब्रह्मसूत्रांत बादरायणांनी जैमिनींच्या विरोधात ठरवले आहे. या आक्षेपातला अर्धा भाग मी मान्य करतो. साठवलेली खूण स्वतः न्याय करत नाही, ती वाचून उत्तर देणारा जबाबदार माणूस लागतोच. पण त्या माणसाने सर्वज्ञ असावे, हे त्यातून निघत नाही. त्याच्यापुढे नेमकी साक्ष असली म्हणजे पुरे, आणि ती, कुमारिलांच्या अपूर्वासारखी, कर्त्यापाशीही असावी. म्हणून पीकविम्याचे नियम यंत्रात घालणाऱ्यांना सांगणे एवढेच की अर्धवट जोड्या खुशाल पुसा. सात वर्षांचे आकडे, सूचनेची वेळ आणि त्या तारखेचा नियम पुसू नका, आणि या तिन्हींची प्रत पोचपावतीबरोबर शेतकऱ्याच्या हातात द्या.