किती वेळा वाचवायचं?



आपल्या बऱ्याच घरांतली मुलं-नातवंडं आज अमेरिकेत आहेत. तिथलाच एक प्रश्न आजच्या मननासाठी घेऊ या.

ओहायो राज्यात मिडलटाउन नावाचं गाव आहे. २०१७ साली तिथल्या एका नगरसेवकानं प्रस्ताव मांडला. नशेचा ओव्हरडोस झालेल्या माणसाला वाचवायचा खर्च त्यानं श्रमदान करून फेडावा. दोनदा वाचवूनही त्यानं तो फेडला नाही, तर तिसऱ्या वेळी रुग्णवाहिका पाठवू नये. प्रस्ताव काही अमलात आला नाही. पण खरं सांगा, "स्वतःच्या हातानं विष घेणाऱ्यावर दुसऱ्यांनी पैसा का घालवायचा?" हा विचार आपल्याही मनात येतोच ना?

आता दुसरं गाव बघा. वेस्ट व्हर्जिनियातलं हंटिंग्टन. १५ ऑगस्ट २०१६ ला तिथे काही तासांत वीसहून जास्त माणसं ओव्हरडोसनं कोसळली. नॅलोक्सोन नावाचं औषध नाकात फवारलं किंवा टोचलं की बंद पडत चाललेला श्वास दोन-तीन मिनिटांत परत येतो. त्यानं बहुतेकांचे प्राण वाचले. पण पुढे काय? शुद्धीवर येताच अंगदुखी, उलट्या, तगमग सुरू होते आणि माणूस पुन्हा त्याच नशेकडे धावतो. शिवाय या औषधाचा असर साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका अभ्यासात असं दिसलं की ओव्हरडोसमधून वाचून दवाखान्यातून घरी गेलेल्या शंभरांतले पाच जण वर्षाच्या आत दगावले, आणि त्यातले बरेच पहिल्याच महिन्यात.

म्हणून २०१७ च्या अखेरीस हंटिंग्टननं एक पथक उभं केलं. पॅरामेडिक, व्यसनमुक्तीचा समुपदेशक आणि पोलीस मिळून ओव्हरडोसनंतर दोन-तीन दिवसांत त्या माणसाच्या दारात जातात. अटक करायला नाही, तर "उपचार घ्यायचे असतील तर आम्ही घेऊन जातो" एवढं सांगायला. आज "नको" म्हणाला तर परत जातात. हे काम सरकारी अनुदानावर सुरू झालं. अनुदान आटलं की असं पथक थांबतं, आणि ते थांबल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वाचलेला माणूस काही बातमीत येत नाही.

*मग पैसा द्यावा का?*

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तिजोरीत पैसा मोजकाच असतो. तोच पैसा शाळेला, म्हाताऱ्यांच्या औषधालाही लागतो. पण दोन गोष्टी तोलून बघा. पहिली, हा दोष एकट्या माणसाचा नाही. हंटिंग्टनच्या जिल्ह्यात वस्ती लाखाच्या आत, आणि काही वर्षांत तिथे आठ कोटींच्या आसपास वेदनाशामक गोळ्या पोचल्या. कित्येकांची सवय डॉक्टरच्या चिठ्ठीपासूनच लागली. २०२२ मध्ये तीन मोठे औषध वितरक आणि एक औषध कंपनी यांनी बहुतेक राज्यांना मिळून २,६०० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तो पैसा या माणसांच्या दारापर्यंत जाणं हे दान नव्हे, ती परतफेड आहे.

दुसरी, सुटका खरोखर होते. ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध नेमानं घेतलं तर मरणाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. पण त्यासाठी माणूस आधी जिवंत हवा. तिसऱ्या वेळी दार बंद केलं, तर चौथ्या वेळी सुधारणारा कोण होता, हे कधीच कळणार नाही.

नाथमहाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गोदावरीत स्नान करून आले की एक माणूस अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला जायचे. असं १०८ वेळा. शेवटी थकला तो थुंकणारा. कुणी म्हणेल, नाथांनी स्वतःची शांती खर्च केली, दुसऱ्याचा पैसा नाही. बरोबर आहे. म्हणूनच सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख हवा, किती जण उपचाराला पोचले ते विचारायलाच हवं. हिशेब पथकाच्या कामाचा मागावा, माणसाच्या लायकीचा नव्हे.

आपल्याकडेही हे घडलंय. ब्राऊन शुगरच्या विळख्यावर अनिल अवचटांनी लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी देणगी दिली, आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. ब्राऊन शुगर हीसुद्धा अफूच्याच जातीची. त्या वेळी कुणी "हे लोक लायक आहेत का?" विचारत बसलं असतं तर?

तेव्हा घरात, नात्यात कुणी यात सापडलं असेल तर लाजेपोटी लपवू नका. श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर लगेच १०८ ला फोन करा, अमेरिकेत ९११ ला. व्यसनमुक्तीसाठी आपल्या देशात १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि सेवेसाठी काही बाजूला काढताना, परत फिरून दार ठोठावणाऱ्यांचीही आठवण ठेवा.

आज रात्री कुटुंबासोबत बसून एवढंच बोला: आपल्या घरातलं कुणी असतं, तर आपण कितव्या वेळी थांबलो असतो?

🙏 जय गुरुदेव 🙏