आकडा आणि साक्ष

एखाद्या राष्ट्राच्या पोलीस सेवेने वर्षभरात कोणती कामे आधी करावीत आणि ती किती प्रमाणात पार पाडावीत, हे आगाऊ ठरवून द्यावे काय? आणि द्यायचे, तर ते कोणी? प्रश्न वरवर पाहता कचेरीतला वाटतो. फायली, तक्ते आणि वार्षिक अहवाल ह्यांच्या पलीकडे त्याला काही अर्थ असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या मते मात्र हा मूलतः नीतीचा प्रश्न आहे, आणि सामान्य नागरिकाने तो केवळ तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होणे योग्य नाही.

असे का म्हणतो ते सांगतो. पोलिसांचे मनुष्यबळ नेहमीच अपुरे असते. रात्रीच्या वेळी ठाण्यात एकच गाडी उभी असताना फोडलेल्या दुकानाकडे जावे, की नवऱ्याच्या माराने आक्रोश करणाऱ्या स्त्रीच्या दाराशी, हा निर्णय कोणीतरी घेतच असतो. लेखी प्राधान्यक्रम नाही, म्हणजे प्राधान्यक्रमच नाही, असे होत नाही. तो मग न बोलता ठरतो. ज्याचा वशिला मोठा, ज्याचा आवाज चढा, ज्याच्या घरापर्यंत डांबरी रस्ता जातो, त्याच्या पारड्यात तो अलगद पडतो. म्हणून प्राधान्यक्रम कागदावर उतरवणे हे दुर्बळाच्या हिताचे कृत्य आहे. कागदावर आलेल्या गोष्टीबद्दल निदान जाब तरी विचारता येतो.

उद्दिष्टाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘हे काम महत्त्वाचे’ असे सांगणे वेगळे आणि ‘हे काम इतक्या वेळा झाले पाहिजे’ असे सांगणे वेगळे. पहिल्या वाक्यात विवेकाला आवाहन असते. दुसऱ्यात हिशेबाची मागणी असते. हिशेब मागण्यात गैर काही नाही. पण हिशेब मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही एक मोह पडतो: मूळ काम विसरून आकड्याशीच व्यवहार करण्याचा. ह्या मोहाचे फळ काय होते, हे आयर्लंडच्या अलीकडच्या इतिहासात फार स्पष्टपणे पाहायला मिळते.

आयर्लंडची पोलीस सेवा १९२२ मध्ये, त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या पहाटे स्थापन झाली. तिचे नाव ‘गार्डा शिओखाना’, म्हणजे शांततेचे रक्षक. तिचे पहिले आयुक्त मायकल स्टेन्स ह्यांची धारणा अशी होती की, ह्या सेवेचे यश शस्त्रांवर किंवा संख्याबळावर नव्हे, तर जनतेचे सेवक म्हणून मिळणाऱ्या नैतिक अधिकारावर अवलंबून राहील. दैनंदिन कामात तिचे शिपाई आजही सामान्यतः बंदूक बाळगत नाहीत. पूर्वी तिच्यासाठी प्राधान्यक्रम आणि कामगिरीची उद्दिष्टे ठरवण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने न्यायमंत्र्यांकडे होता. १ जानेवारी २०१६ रोजी ‘पोलिसिंग ऑथॉरिटी’ ही स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली आणि पोलीसकामापुरता हा अधिकार, मंत्र्यांच्या मान्यतेच्या अटीवर, तिच्याकडे गेला. राष्ट्रीय सुरक्षेचा भाग मात्र मंत्र्यांकडेच राहिला. ही संस्था पोलीस आयुक्तांना जाहीर बैठकीत प्रश्न विचारीत असे आणि कोणालाही ते ऐकता येत. २०२४ च्या नव्या कायद्यानुसार एप्रिल २०२५ पासून तिची जागा एका नव्या प्राधिकरणाने घेतली आहे. उद्दिष्टे ठरवणारा हात सत्तेच्या हातापासून वेगळा असावा, ह्या तत्त्वाच्या दिशेने टाकलेली ही पावले होती.

ऑथॉरिटी नुकती कामाला लागली होती, तोच २३ मार्च २०१७ रोजी पोलीस दलाने स्वतःच एक धक्कादायक माहिती जाहीर केली. मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी आयर्लंडमध्ये २००६ पासून नाकाबंदी करून वाहनचालकांच्या श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला होता. २०११ ते २०१६ ह्या काळात पोलिसांच्या संगणकावर जवळजवळ वीस लाख चाचण्यांची नोंद होती. चाचणीच्या यंत्रांत मात्र आपोआप मोजणी होते, आणि त्या यंत्रांच्या हिशेबाने चाचण्या झाल्या होत्या दहा लाख अठ्ठावन्न हजार. फरक ९,३७,२१२ चाचण्यांचा! पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये अंतर्गत चौकशीचा अहवाल आला, तेव्हा २००९ पासूनचा हिशेब धरून हा फरक १४,५८,२२१ वर गेला. त्याच महिन्यात पोलीस आयुक्त निवृत्त झाल्या. त्याच दिवशीच्या मार्चमधील निवेदनात आणखी एक कबुली होती: दंड भरून प्रकरण मिटवण्याची संधी ज्यांना कायद्याने मिळायला हवी होती, अशा १,४६,८६५ प्रकरणांत थेट न्यायालयाचे समन्स बजावले गेले आणि सुमारे १४,७०० लोकांना चुकीने दोषी ठरवले गेले.

हे कसे घडले? एका कारणाकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. नोंदीची पद्धत सदोष होती, शिकवण अपुरी होती, वरिष्ठांची देखरेख सैल होती. कित्येक ठिकाणी नाकाबंदी उठल्यावर अंदाजाने आकडा भरला जाई. हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. अंदाज नेहमी वरच्याच दिशेने का चुकत गेला? नुसत्या निष्काळजीपणाच्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. काही ठिकाणी आकडा जास्त, काही ठिकाणी कमी. देशभर पारडे एकाच बाजूला झुकते, तेव्हा तिथे कसले तरी वजन ठेवलेले असते. आमच्या मते ते वजन ‘मोठा आकडा चांगला’ ह्या न बोललेल्या समजुतीचे होते. वरून कोणी ‘खोटे लिहा’ असे सांगण्याची गरजच नव्हती. आकडा मोठा आला की कोणी विचारीत नाही, आणि लहान आला की विचारले जाते, एवढे कनिष्ठाला कळले की पुरे.

कोणी म्हणेल, ह्यात नुकसान कोणाचे झाले? ज्याची चाचणी झालीच नाही, त्याला तुरुंगात तर टाकले नाही. हा युक्तिवाद फसवा आहे. रस्त्यावरील मृत्यू कमी करण्याचे धोरण ज्या माहितीवर उभे होते, ती माहिती पोकळ निघाली. जिथे पोलीस उभे असल्याचे कागद सांगत होता, तिथे कदाचित कोणीही उभे नव्हते. आणि याहून खोल नुकसान दुसरेच आहे. पोलिसाचा शब्द हा न्यायालयात पुरावा असतो. एखाद्याचे स्वातंत्र्य त्याच्या एका वाक्यावर टांगलेले असते. नाकाबंदीच्या वहीत आकडा लिहिणारा हात आणि शपथेवर जबानी देणारा हात एकच असतो. आकडा ही देखील साक्षच आहे. लहान साक्षीत खोटेपणाची सवय जडलेल्या माणसाला मोठ्या साक्षीत खरे बोलणे जड जाते. आणि खरे बोलला, तरी त्याच्यावर विश्वास ठेवणे ऐकणाऱ्याला जड जाते.

खरे बोलणाऱ्याचे काय होते, हेही त्याच देशाने पाहिले. सार्जंट मॉरिस मकेब ह्यांनी वाहतुकीच्या गुन्ह्यांतील दंडगुण गैरमार्गाने रद्द केले जात असल्याचे आणि तपासात हलगर्जी होत असल्याचे दाखवून दिले, तेव्हा त्यांच्या वाट्याला आली ती बदनामी. चौकशी न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१८ च्या अहवालात त्यांना निर्दोष ठरवले. पण मधली वर्षे त्यांना कोण परत देणार? ज्या संस्थेत खोटा आकडा खपून जातो आणि खरी तक्रार महागात पडते, तिथे उद्दिष्टे कितीही विचारपूर्वक लिहिली तरी ती कागदावरच राहतात.

हा दोष एकट्या आयर्लंडचा आहे असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हे नोंदवण्याची तपासणी २०१४ मध्ये झाली, तेव्हा पोलिसांकडे आलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच जात नसल्याचे आढळले. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. त्याच वर्षी तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हेनोंदींचा अधिकृत दर्जा काढून घेतला, आणि संसदेच्या एका समितीने आकड्यांची उद्दिष्टे नोंदी विकृत करतात असा ठपका ठेवला. तिथे मोह उलट दिशेचा होता. आयर्लंडमध्ये चाचण्यांचा आकडा फुगला, तर इथे गुन्ह्यांचा आकडा आटला. रोग एकच, लक्षणे दोन.

आणि आपण भारतीयांनी तरी दुरून हसावे काय? १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर सर चार्ल्स नेपियर ह्यांनी तिथे पोलीस दल उभारले, ते ब्रिटिश अमलातील आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर. आणि तोच नमुना पुढे मुंबई इलाख्यासह देशभर पसरला. आयर्लंडने ते जुने दल १९२२ मध्ये मोडीत काढले. आपण मात्र तो सांगाडा बराच काळ सांभाळला. फिर्याद नोंदवून घेण्यासाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारा माणूस आपल्याला अपरिचित नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये निक्षून सांगावे लागले, ह्यातच सर्व काही आले.

तर मग उद्दिष्टे टाकूनच द्यावीत काय? २०१० मध्ये इंग्लंडच्या गृहमंत्री थेरेसा मे ह्यांनी पोलिसांवरील केंद्रीय उद्दिष्टे रद्द केली. पण उद्दिष्ट गेले, म्हणजे पीडित माणसाचे काम झाले असे नाही. आयर्लंडमध्येच २०१९ आणि २०२० ह्या काळात आपत्कालीन क्रमांकावर आलेल्या दोन लाखांहून अधिक हाकांच्या नोंदी रद्द केल्या गेल्याचे पुढे उघडकीस आले. त्यांतील पुष्कळशा योग्य कारणाने रद्द झाल्या होत्या. पण घरातल्या हिंसाचाराने घाबरलेल्या माणसांच्या हाकाही त्यांत होत्या. अशा हाकांचा हिशेब कोणी मागितलाच नाही, तर त्या कायमच्या हवेत विरून जातील. म्हणून मोजणे सोडून देणे हा पळपुटेपणा ठरेल. मोजावे लागेल, पण काय मोजावे आणि कोणी मोजावे, हे विवेकाने ठरवावे लागेल.

ह्या बाबतीत तीन गोष्टी आम्हांला आवश्यक वाटतात.

पहिली अशी की, पोलिसांनी किती केले यापेक्षा नागरिकाला काय मिळाले हे मोजावे. किती चाचण्या, किती अटका, किती खटले ह्या पोलिसांच्या हालचाली झाल्या. इंग्लंडच्या रॉबर्ट पील ह्यांच्या नावावर सांगितली जाणारी जुनी पोलीसतत्त्वेही हेच म्हणतात, की पोलिसांच्या कार्यक्षमतेची कसोटी गुन्ह्यांच्या अभावात आहे, पोलिसांच्या धावपळीच्या देखाव्यात नाही. मदतीला बोलावणाऱ्या स्त्रीकडे कोणी गेले का, पुन्हा चौकशीला कोणी आले का, हे मोजणे कठीण असते. पण सोपे आहे म्हणून चुकीचे मोजण्यापेक्षा कठीण असले तरी योग्य ते मोजणे बरे.

दुसरी गोष्ट अशी की, ज्याची परीक्षा त्याच्याच हाती गुणपत्रिका देऊ नये. श्वासचाचण्यांचे खोटे उघडे पडले ते यंत्राच्या मोजणीमुळे. त्या यंत्राला बढती नको होती आणि बदलीची भीती नव्हती. त्याच अर्थाने पोलिसांच्या नोंदी तपासणारी संस्था पोलिसांच्या आणि मंत्र्यांच्याही मेहेरबानीवर जगणारी नसावी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती आपल्याकडेच वळते. खऱ्या वाईट आकड्याचा आपण सन्मान करायला शिकले पाहिजे. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी एका वर्षी वाढल्या, तर वर्तमानपत्रे हिंसाचार वाढल्याची ओरड करतात आणि विरोधी पक्ष राजीनामा मागतो. पण कदाचित त्या वर्षी हिंसा वाढली नसेल. भीती कमी झाली असेल. पोलीस आपले ऐकतील अशी आशा काही स्त्रियांना प्रथमच वाटली असेल. असा आकडा प्रामाणिकपणे वर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला आपण शिक्षा करीत राहिलो, तर पुढच्या वर्षी तो आपल्याला हवा तोच आकडा पाठवील, आणि त्या खोटेपणात आपलाही वाटा असेल.

रात्री रस्त्याच्या कडेला उभा असलेला तो तरुण शिपाई आमच्या डोळ्यांपुढे येतो. पाऊस पडतो आहे, नाकाबंदी उठली आहे, वहीत एक रिकामा चौकोन आहे. त्या चौकोनात किती लिहायचे हे तो एकटा ठरवतो असे आपल्याला वाटते. पण त्याच्या वरिष्ठाने काल काय विचारले, मंत्र्याने सभागृहात काय मिरवले आणि नागरिकांनी कशाला टाळ्या दिल्या, हे सारे त्या क्षणी त्याच्या लेखणीवर बसलेले असते. तिथे खरा आकडा, मग तो कितीही लहान असो, निर्भयपणे लिहिता यावा, एवढी व्यवस्था उभी करणे हेच पोलीस सेवेपुढचे पहिले उद्दिष्ट असले पाहिजे. बाकीची उद्दिष्टे त्यानंतर लिहावीत.